अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा कोच व्हायचं असेल तर

अमेरिकेत शिकायला गेलेल्या किंवा तिथेच वाढलेल्या मराठी मुलाने घरी सांगितलं की ‘मला बास्केटबॉल कोच व्हायचंय’, तर पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे नेमकं काय करणार?’ प्रश्न रास्त आहे. इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए या वाटांचे टप्पे आपल्या घरात सगळ्यांना पाठ असतात, या वाटेचे कुणालाच ठाऊक नसतात. ते टप्पे इथे क्रमाने सांगतो. माझं मत आधीच मांडतो, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे: मोठ्या नावाच्या कॉलेजमागे धावण्यापेक्षा, जिथे खेळाडूंना प्रत्यक्ष शिकवायला मिळेल तिथे लवकर पोहोचा.

आधी हे जग समजून घ्या

कॉलेज क्रीडेची मुख्य संस्था म्हणजे एनसीएए. तिचे तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन १ मध्ये पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ खेळतात. ड्यूक, कॅन्सस, केंटकी, यूकॉन ही टीव्हीवर दिसणारी नावं याच गटातली. डिव्हिजन २ मधले बहुतेक खेळाडू अर्ध्यामुर्ध्या शिष्यवृत्तीवर असतात. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, तिथला खेळाडू आवडीने खेळतो आणि घरची फी भरतो. याशिवाय एनएआयए ही बहुतांशी लहान कॉलेजांची वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए आहे.

नवशिक्याचं लक्ष पहिल्या गटावरच खिळतं. पण उरलेल्या चार गटांत मिळून कॉलेजं कितीतरी जास्त आहेत, स्टाफ लहान असतो, आणि तेवीस वर्षांच्या असिस्टंटच्या हातात शिट्टी देण्यावाचून हेड कोचला गत्यंतर नसतं. तुम्हाला हवं आहे ते हेच.

कामाचं वर्ष कसं फिरतं

सामने नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतात आणि नशीब चांगलं असेल तर मार्चमध्ये सुरू होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटापर्यंत, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतात. हा झाला लोकांना दिसणारा भाग. एप्रिल-मेमध्ये खेळाडूंची ये-जा, नव्या खेळाडूंचा शोध आणि कोचेसच्या बदल्या. जून-जुलैमध्ये शाळकरी मुलांची शिबिरं आणि देशभरातल्या उन्हाळी स्पर्धांत पुढच्या खेपेचे खेळाडू हेरणं. ऑगस्टमध्ये कॉलेज उघडलं की व्यायाम, छोट्या गटांचा सराव, अभ्यासाची घडी बसवणं. सप्टेंबरअखेरपासून पूर्ण सराव.

सीझनमध्ये खेळाडूंकडून आठवड्याला वीस तासांहून जास्त काम घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. कोचला असं बंधन नाही. सामना रात्री नऊला संपला की बसमध्येच त्याचा व्हिडिओ बघायला घेतात, आणि दोन दिवसांनी येणाऱ्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याची तयारी तोवर कुणीतरी अर्धी करून ठेवलेली असते. ते ‘कुणीतरी’ म्हणजे सुरुवातीची काही वर्षं तुम्ही.

पहिली पायरी: स्टुडंट मॅनेजर

कॉलेजच्या संघात खेळायला मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी दार बंद होत नाही. प्रत्येक संघाला स्टुडंट मॅनेजर लागतात. सरावाला सगळ्यांच्या आधी येणं, बॉल, बिब, पाण्याच्या बाटल्या, शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत मोजणारं घड्याळ) बघणं, ड्रिलमध्ये रिबाउंड काढून पास देणं, घामाने ओली झालेली जमीन पुसणं, कपडे धुवायला टाकणं, सराव चित्रित करणं, सामन्यात आकडे टिपणं. पैसे फारसे नसतात, बऱ्याच ठिकाणी मुळीच नसतात.

या कामाला कमी लेखू नका. फ्रँक व्होगेल हा डिव्हिजन ३ मधल्या जुनियाटा कॉलेजात खेळत होता. कोचिंग शिकायचं म्हणून तो केंटकीला गेला आणि रिक पिटिनोच्या संघाचा मॅनेजर झाला. २०२० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्स एनबीए या व्यावसायिक लीगचे विजेते झाले तेव्हा हेड कोच तोच होता. लॉरेन्स फ्रँक इंडियाना विद्यापीठात बॉब नाइटच्या संघाचा मॅनेजर होता, पुढे तोही एनबीएत हेड कोच झाला. रॉय विल्यम्सची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. नॉर्थ कॅरोलिनात शिकत असताना तो पहिल्या वर्षाच्या संघापलीकडे गेला नाही. पण त्याने तिथल्या हेड कोचची, डीन स्मिथची, परवानगी घेतली आणि सराव चालू असताना प्रेक्षकांच्या बाकावर बसून वही भरत राहिला. घरच्या सामन्यांचे आकडे टिपले, स्मिथच्या उन्हाळी शिबिरांत काम केलं. पुढे याच माणसाने त्या विद्यापीठाला २००५, २००९ आणि २०१७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली.

मॅनेजर होण्यासाठी काय करायचं? प्रवेश पक्का झाला की उन्हाळ्यातच डायरेक्टर ऑफ बास्केटबॉल ऑपरेशन्सना ईमेल करा. हेड कोचला पाठवलेला ईमेल बहुधा यांच्याकडेच येतो. चार ओळी पुरेत: कोण आहात, काय शिकता, आठवड्याचे किती तास देऊ शकता, कॅमेरा आणि व्हिडिओ एडिटिंग येतं का. उत्तर नाही आलं तर ऑगस्टमध्ये ऑफिसात जाऊन उभे राहा. पुरुषांच्या संघात जागा नसेल तर महिलांच्या संघात विचारा. तिथे शिकायला तेवढंच मिळतं, कित्येकदा जास्तच, आणि सरावात मुलींच्या विरुद्ध खेळायला मुलगे लागत असतात. या सराव-खेळाडूंना डिफेन्सच्या सगळ्या चाली आतून कळतात.

पदवी कशाची घ्यायची, हा घरच्यांचा दुसरा प्रश्न. कॉलेजात कोच व्हायला पदवी लागतेच, विषय मात्र मोकळा आहे. डीन स्मिथ गणिताचा पदवीधर. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा कोच जॉन वुडन इंग्रजीचा शिक्षक. बटलरला लागोपाठ दोनदा अंतिम सामन्यात नेणारा ब्रॅड स्टीव्हन्स अर्थशास्त्र शिकला होता. शिक्षक होण्याची पात्रता सोबत मिळत असेल तर ती जरूर घ्या. त्याचं कारण पुढे येतंच.

दुसरी पायरी: स्वतःचा संघ

हा टप्पा बरेच जण गाळतात. मोठ्या कॉलेजात मॅनेजर होतात, तिथेच पुढची छोटी नोकरी धरतात आणि तिशी आली तरी स्वतः एकही टाइमआउट घेतलेला नसतो. लॅपटॉपवर सगळं कळतं, पण दहा मुलांसमोर उभं राहून ‘तू इथे का उभा आहेस’ हे अर्ध्या मिनिटात समजावता येत नाही.

म्हणून कॉलेजात असतानाच एखादा संघ हाती घ्या. गावातल्या हौशी लीगचा दहा-बारा वर्षांच्या मुलांचा संघ, शाळेचा ज्युनिअर संघ, उन्हाळी स्पर्धांत खेळणारा क्लब, मराठी मंडळातल्या मुलांचा रविवारचा गट, काहीही चालेल. सुरुवात कशापासून करायची? सरावाचा आराखडा लिहिण्यापासून. वुडन सकाळी आपल्या असिस्टंटबरोबर बसून सुमारे दोन तास आराखडा करायचा, आणि दुपारचा सरावही जवळपास तेवढाच चालायचा. कुठलं ड्रिल किती मिनिटं, बॉल कुठे ठेवायचे, सगळं छोट्या कार्डांवर लिहिलेलं असायचं. १९७४-७५ च्या सीझनमध्ये रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलँड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या सरावाला बसून त्याच्या प्रत्येक वाक्याची नोंद केली. त्यात स्तुती कमी निघाली, रागावणंही कमी. बहुतेक वाक्यं छोट्या, नेमक्या सूचनांची होती: काय करायचं, कसं करायचं. आपल्या मैदानांवर कोच म्हणजे ओरडणारा माणूस, अशी समजूत अजून आहे. ती घेऊन अमेरिकेत जाऊ नका.

वुडनच्या वाटेचा हिशेब बघा. केंटकी आणि इंडियानातल्या शाळांत बरीच वर्षं, मग इंडियाना स्टेट, मग १९४८ मध्ये यूसीएलए. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मध्ये, म्हणजे तिथल्या सोळाव्या सीझनमध्ये. ते धरून मात्र बारा वर्षांत दहा. रॉय विल्यम्सने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातल्या ओवेन हायस्कूलमध्ये पाच वर्षं संघ सांभाळला. डॅन हर्लीने न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या सेंट बेनेडिक्ट्स प्रेप शाळेत २००१ ते २०१० अशी नऊ वर्षं काढली. मग वॅग्नर, मग ऱ्होड आयलंड, २०१८ मध्ये यूकॉन, आणि २०२३ व २०२४ ला सलग दोन विजेतेपदं. बो रायनने विस्कॉन्सिन-प्लॅटविल या डिव्हिजन ३ च्या कॉलेजात चार विजेतेपदं मिळवली, त्यानंतर मोठ्या विद्यापीठाने त्याला बोलावलं.

शाळेत कोचिंग करायचं तर शिक्षकाची नोकरी सोबत असलेली बरी, कारण कोचिंगचं मानधन एकट्याने पुरत नाही. शिक्षकाची पात्रता मी वर सुचवली ती यासाठी.

तिसरी पायरी: जीए, व्हिडिओ, ऑपरेशन्स

ग्रॅज्युएट असिस्टंट, बोलण्यात ‘जीए’, हा कॉलेज कोचिंगमधला नेहमीचा प्रवेशमार्ग. तुम्ही पदव्युत्तर शिक्षण घेता आणि संघासाठी काम करता. बदल्यात फी माफ किंवा कमी होते आणि थोडा भत्ता मिळतो. डिव्हिजन १ च्या पुरुषांच्या संघांत हीच व्यक्ती बहुधा ‘ग्रॅज्युएट मॅनेजर’ असते आणि मैदानावर शिकवण्यावर तिला नियमांची बंधनं असतात. डिव्हिजन २ किंवा एनएआयएमधला जीए मात्र खरोखर कोचिंग करतो, सेंटर खेळाडूंचा सराव घेतो, रिक्रूटिंगची, म्हणजे नवे खेळाडू मिळवण्याच्या दौऱ्यांची, गाडी चालवतो. शाका स्मार्टने सुरुवात केली ती कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया या डिव्हिजन २ च्या कॉलेजात. २०११ मध्ये त्याने व्हीसीयूसारख्या फारशा नाव नसलेल्या संघाला शेवटच्या चारांत नेलं. मोठं कॉलेज आणि असं लहान कॉलेज, दोन्ही पर्याय समोर असतील तर मी लहान सुचवेन.

मोठ्या कॉलेजात पुढच्या पदांना व्हिडिओ को-ऑर्डिनेटर आणि डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स म्हणतात. पहिल्याकडे सगळं चित्रण, कापणी, प्रतिस्पर्ध्यांचे सामने. दुसऱ्याकडे बस, विमान, हॉटेल, जेवण, वेळापत्रक, शिबिरं. २०२३ पासून डिव्हिजन १ मध्ये दोन जादा कोचेसना मैदानावर शिकवायची परवानगी मिळाली. तेव्हा त्यांना बाहेर जाऊन रिक्रूटिंग करायची मुभा नव्हती, पण सरावात शिकवता येऊ लागलं. त्यामुळे व्हिडिओच्या खोलीतून मैदानावर यायचं अंतर थोडं कमी झालं आहे.

या टप्प्यावर एक कौशल्य असं कमवा की तुमच्यावाचून स्टाफचं अडेल. माझ्या मते ते म्हणजे स्काउटिंग रिपोर्ट, प्रतिस्पर्धी संघाच्या अभ्यासाचा अहवाल. तो असा करतात:

प्रतिस्पर्ध्याचे ताजे चार-पाच सामने पूर्ण बघा. तुकडे नकोत, पूर्ण, कारण संघ थकल्यावर काय करतो ते तुकड्यांत दिसत नाही. पहिल्या फेरीत फक्त माणसं बघा. कोण डावखुरा, कोण उजवीकडेच ड्रिबल करतो, कुणाला तीन पॉइंटच्या रेषेबाहेर मोकळं सोडता येईल, कोण फ्री थ्रोला गडबडतो. दुसऱ्या फेरीत चाली. बहुतेक संघ मोजक्या चाली फिरवून फिरवून खेळतात. त्यांचे हातवारे आणि आरोळ्या टिपा. टाइमआउटनंतर पहिली चाल कोणती, बास्केटखालून बॉल आत टाकताना कोण कुठे पळतो, स्क्रीन लावल्यावर (वाटेत उभं राहून बचाव करणाऱ्याला अडवल्यावर) त्यांचा डिफेन्स वर येतो की मागे सरकतो, त्यांच्यावर फुल कोर्ट प्रेस, म्हणजे मैदानभर दबाव, टाकला तर बॉल कोण आणतो.

मग आकडे. सिनर्जी आणि हडल ही व्हिडिओची साधनं, केन पोमेरॉयची केनपॉम ही आकडेवारी या क्षेत्रात रोजच्या वापरातली. एका कॉलेज सामन्यात प्रत्येक संघाला साधारण ६५ ते ७० पोझेशन, म्हणजे बॉल ताब्यात असण्याच्या पाळ्या, मिळतात, म्हणून ‘सामन्यात किती पॉइंट केले’ यापेक्षा ‘शंभर पोझेशनमागे किती’ हे खरं माप. त्यामागची चार कारणं बघायला शिका: शॉटचा दर्जा, बॉल गमावण्याचं प्रमाण, आक्रमणातले रिबाउंड, आणि फ्री थ्रो रेषेपर्यंत किती वेळा पोहोचतात.

हे सगळं हेड कोचला द्याल तेव्हा दहा पानं चालतील. खेळाडूंना मात्र एकच पान, आणि त्यातही ठळक अक्षरांत तीन गोष्टी. वीस वर्षांचा खेळाडू परीक्षा, प्रवास आणि प्रेक्षकांचा गोंगाट यांच्यात जेवढं लक्षात ठेवू शकतो तेवढंच त्याला द्या. दहातून तीन निवडण्यातच तुमची पारख दिसते, आणि हेड कोचला ती दिसल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्रात बसून काय करता येईल

नागपाड्याच्या किंवा डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर वाढलेल्या मुलांनी खेळाची भाषा आधीच शिकलेली असते. भर घालायची ती अशी. नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, पतियाळाचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि त्यापुढचा डिप्लोमा हा इथला पाया. पंच म्हणूनही सामने घ्या, नियम अंगात भिनतात. आणि नियमांतला फरक लिहून काढा. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचे, नियम: १० मिनिटांचे चार भाग, २४ सेकंदांचा शॉट क्लॉक. अमेरिकन कॉलेजांत पुरुष २० मिनिटांचे दोन हाफ खेळतात, महिला १० मिनिटांचे चार भाग, आणि दोघांनाही शॉट क्लॉक ३० सेकंदांचा. फिबात टाइमआउट कोचच मागतो, तिथे मैदानावरचा खेळाडूही मागू शकतो. शॉट क्लॉकच्या जादा सहा सेकंदांमुळे चालींची लांबी बदलते, झोन डिफेन्सचा उपयोग बदलतो.

व्हिसाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, जीएचं काम सहसा त्यातच बसवतात. पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या परवानगीचं, एक वर्ष मिळतं, पण काम शिक्षणाच्या विषयाशी निगडित असावं लागतं. म्हणून ज्याला हीच वाट धरायची त्याने स्पोर्ट मॅनेजमेंट किंवा कोचिंगशी जवळचा विषय घेणं शहाणपणाचं. पुढे एच-१बीच्या वार्षिक कोट्यातून विद्यापीठांना सूट आहे, परंतु पद ‘विशेष पदवी लागणारं’ आहे हे सिद्ध करावं लागतं आणि कोचिंगच्या बाबतीत ते सोपं नसतं. विनामोबदला काम करण्याआधीही कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा. तिथे जन्मलेल्या मुलांना जे फुकट राबून दाखवता येतं, ते तुम्हाला नियमांमुळे करता येईलच असं नाही. नियमही बदलत असतात, म्हणून दर वर्षी नव्याने विचारा.

चौथी पायरी: असिस्टंट कोच आणि रिक्रूटिंग

असिस्टंट झालात की पगार मिळतो आणि मोबदल्यात खेळाडू आणून द्यावे लागतात. डिव्हिजन १ मध्ये कॅम्पसबाहेर रिक्रूटिंगला जाण्याआधी दर वर्षी नियमांची परीक्षा पास व्हावी लागते. वर्षाचं कॅलेंडर तुकड्यांत वाटलेलं असतं: काही दिवस खेळाडूला भेटता येतं, काही दिवस खेळताना नुसतं बघता येतं, काही दिवस समोरासमोर भेट अजिबात नाही. चुकून नियम मोडला तरी कॉलेजला कळवावं लागतं, आणि मोठी लबाडी उघडकीला आली तर करिअर तिथेच थांबू शकतं.

गेल्या काही वर्षांत हे काम पार बदललं आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येऊ लागले. २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पूर्वी सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी तीन वर्षं जाऊन विश्वास कमवायचा, आता एप्रिलमध्ये पोर्टलमध्ये आलेल्या बावीस वर्षांच्या खेळाडूला दहा दिवसांत पटवायचं. तरीही जुनी गोष्ट टिकून आहे. खेळाडू ज्या शाळेच्या कोचचं ऐकतो, त्या कोचने तुमचा फोन उचलायला हवा. म्हणून प्रत्येक जिममध्ये वेळेवर जा, हरलेल्या संघाच्या कोचलाही भेटा, आणि ज्या मुलाला तुम्ही घेणार नाही त्याला तसं स्वच्छ सांगा. नकार नीट देणाऱ्या असिस्टंटची आठवण शाळा ठेवतात.

पैशाची अपेक्षा आधीच बसवून घ्या. विल्यम्स १९७८ मध्ये स्मिथचा अर्धवेळ असिस्टंट झाला तेव्हा त्याचा वर्षाचा पगार २,७०० डॉलर होता. घर चालवायला तो संघाची कॅलेंडरं विकायचा आणि स्मिथच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेप रविवारी गाडीने पोहोचवायचा. स्टीव्हन्सने २००० मध्ये इंडियानापोलिसमधली एलाय लिली औषध कंपनीतली नोकरी सोडून बटलरमध्ये विनापगार सुरुवात केली. सात वर्षांनी, तिशीत, तो तिथला हेड कोच होता. आजही लहान कॉलेजातला असिस्टंट सोबत जिमचं व्यवस्थापन किंवा दुसऱ्या एखाद्या खेळाची जबाबदारी उचलतो. दुसरीकडे मोठ्या विद्यापीठांचे हेड कोच वर्षाला कित्येक दशलक्ष डॉलर घेतात. मधली दरी मोठी आहे आणि बहुतेकांचं सगळं आयुष्य तिच्या खालच्या काठावर जातं. ज्याला शिकवण्यातच आनंद आहे त्याला ते जड जात नाही, असं मला मनापासून वाटतं.

कुणाच्या हाताखाली

बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ. त्याने १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला आणि १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला. तिथे त्याच्या हाताखाली फॉग अ‍ॅलन खेळला. अ‍ॅलनच्या हाताखाली डीन स्मिथ खेळला, १९५२ च्या विजेत्या संघात होता. स्मिथच्या हाताखाली रॉय विल्यम्स घडला आणि १९८८ मध्ये हेड कोच म्हणून त्याच कॅन्ससला गेला. आपल्याकडे गायकाला पहिला प्रश्न विचारतात, गुरू कोण? इथेही नोकरी देणारा, कॉलेजच्या क्रीडा विभागाचा प्रमुख म्हणजे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर तेच बघतो.

म्हणून हेड कोच निवडताना त्याचे जुने असिस्टंट आज कुठे आहेत ते शोधा. तो आपल्या माणसांना पुढे ढकलतो की दाबून ठेवतो, हे त्यावरून कळतं. आणि लक्षात ठेवा, मार्चमध्ये हेड कोचला काढलं की बहुधा सगळा स्टाफ जातो. मार्च-एप्रिलमध्ये देशभर जी संगीत खुर्ची चालते त्यात जाहिरात येईपर्यंत नाव ठरलेलं असतं. अ‍ॅलनच्याच पुढाकाराने १९२७ मध्ये स्थापन झालेल्या एनएबीसी या कोच संघटनेचं अधिवेशन दर वर्षी फायनल फोरच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या, गावातच भरतं. तिथे जा, व्याख्यानं ऐका, पण नोकरीची भीक मागत फिरू नका. ज्याने तुम्हाला सकाळी सहाला जिम उघडताना पाहिलंय त्याचा एक फोन तिथल्या पन्नास ओळखींपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

महिला बास्केटबॉलकडे दुसरा पर्याय म्हणून पाहू नका. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर हे क्षेत्र उभं राहिलं. १९७४ मध्ये पॅट समिट टेनेसीला जीए म्हणून आली, आणि तिथली हेड कोच रजेवर गेल्याने २२ व्या वर्षी तिच्याकडेच संघ आला. महिन्याला २५० डॉलर. गणवेश ती धुवायची, गाडी ती चालवायची. पहिला सामना एका पॉइंटने हरली. निवृत्त झाली तेव्हा १,०९८ विजय आणि आठ विजेतेपदं नावावर होती. आज डॉन स्टेली साउथ कॅरोलिनात ज्या दर्जाचं काम करते आहे ते पुरुषांच्या कुठल्याही संघाच्या तोडीचं आहे.

पहिली हेड कोचची नोकरी

ती बहुधा हरणाऱ्या संघाचीच असते, कारण जिंकणाऱ्या संघाची जागा सहसा रिकामी होत नाही. माइक शशेफ्स्कीचे ड्यूकमधले पहिले तीन सीझन धरले तर ३८ विजय आणि ४७ पराभव होते. लोकांनी त्याला काढायची मागणी केली. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर टॉम बटर्स यांनी उलट १९८४ च्या जानेवारीत त्याचा करार वाढवला. पुढे पाच विजेतेपदं आली. तेव्हा मुलाखतीला जाताना जिमच्या चकाकीपेक्षा आपला वरिष्ठ कोण आहे याकडे जास्त लक्ष द्या. त्याने मागच्या कोचला किती वर्षं दिली होती, हे विचारायला लाजू नका.

बाकीचे प्रश्न कागदावर लिहून न्या. असिस्टंटच्या पगारासाठी किती रक्कम आहे? खेळाडूंना द्यायला किती पैसे आहेत? नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठ्या संघांकडे जाऊन, मानधन घेऊन, असे किती सामने खेळावे लागतील? लहान कॉलेजं अशा सामन्यांतून खर्च भागवतात आणि ते पराभव तुमच्या नावावर लागतात. सध्याच्या खेळाडूंची पदवीकडे वाटचाल कशी आहे? याचे गुण एनसीएए मोजते आणि ते घसरले तर शिक्षा होते. यूकॉनसारख्या विजेत्या कॉलेजला २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत याच कारणाने खेळता आलं नव्हतं. करारात मुदत किती, मधेच काढलं तर भरपाई काय, तुम्ही सोडून गेलात तर बायआउट (करार मोडल्याची रक्कम) किती, हे वकिलाकडून वाचून घ्या. मग सही करा, आणि संघातल्या प्रत्येक खेळाडूच्या आईवडिलांना त्याच आठवड्यात फोन करा. एप्रिलमध्ये पोर्टल उघडं असतं, आणि पहिल्या सरावाला पाच जणच उरले तर पुढचा सगळा हिवाळा त्यांच्यावर काढावा लागतो.